मील किट घ्यावं का? आरोग्य आणि कचऱ्याबद्दल पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून मील किटबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मील किट म्हणजे नक्की काय? रेडी-टू-ईट पाकीट किंवा डबा यांच्यापेक्षा ते वेगळं कसं?

मील किटमध्ये एका पदार्थाचं कच्चं सामान मोजून येतं: चिरलेली किंवा अख्खी भाजी, पनीर किंवा चिकन, मसाल्याची आणि सॉसची पाकिटं, आणि कृतीचं कार्ड. गॅस तुम्हीच पेटवायचा. रेडी-टू-ईट पाकिटातला पदार्थ शिजलेला असतो, फक्त गरम करायचा. डब्यात तर ताटच तयार येतं. किटचा सगळा फायदा दोन गोष्टींत आहे: सामान मोजून येतं, आणि तेल-मीठ तुमच्या हातात राहतं. यातली दुसरी गोष्ट किती खरी आहे ते सॉसच्या पाकिटावर ठरतं (प्रश्न ४).

२. बाहेरून मागवण्यापेक्षा किट आरोग्याला चांगलंच ना?

बहुतेक वेळा हो. हॉटेलच्या ग्रेव्हीत किती तेल आणि लोणी गेलं ते तुम्हाला कळत नाही. किटमध्ये तेल तुम्ही ओतता. एक मोठा चमचा तेल म्हणजे १५ मिली, वजनात सुमारे १३ ते १४ ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तुपाचा वाटा २७ ग्रॅम धरला आहे, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, तेही तिन्ही वेळचं मिळून. कार्डावर दोघांसाठी तीन चमचे लिहिलं असेल तर दीड चमच्यात फोडणी बसते का ते आधी पाहा. जाड बुडाच्या कढईत सहज बसते.

रोजच्या घरच्या जेवणाशी तुलना केली तर चित्र वेगळं दिसतं. वरण, भात, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि ज्वारीची भाकरी या ताटापेक्षा सरस किट आमच्या पाहण्यात नाही. त्याच सूचनांत रोजच्या ताटात ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. पास्ता, नूडल्स, फ्राइड राइस या प्रकारच्या किटमध्ये माणशी ८० ते १०० ग्रॅम भाजी आली तरी पुष्कळ. त्यामुळे असं किट केलं की सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर हवीच.

३. लेबलवर नेमकं काय वाचायचं? सगळं वाचायला वेळ नसतो.

चार गोष्टी, या क्रमाने.

एक, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. 'मखनी सॉस'च्या यादीत टोमॅटोच्या आधी पाणी आणि तेल आलं असेल, तर त्यात टोमॅटो कमी आहे. साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, गूळ पावडर. तीन नावं वेगवेगळी दिसली तर त्यांची बेरीज मनात करा.

दोन, 'दर १०० ग्रॅम' हा रकाना. 'दर सर्व्हिंग'च्या आकड्याने फसगत होते, कारण सर्व्हिंग किती ग्रॅमचं ते कंपनी ठरवते. ९० ग्रॅमच्या पाकिटात तीन सर्व्हिंग दाखवली असतील आणि तुमच्या घरी ते दोघांत संपत असेल, तर छापलेला आकडा दीडपट करावा लागतो.

तीन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेची केंद्रीय संस्था) १४ आकडी परवाना क्रमांक आणि 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' तारीख.

चार, शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो.

छोट्या पाकिटांवर काहीच छापलेलं नसतं, अशी तक्रार बरेच जण करतात. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पाकिटाला घटकांची यादी आणि पोषणमूल्यं छापण्यातून सूट आहे, पण मग ती माहिती बाहेरच्या खोक्यावर हवी. म्हणून जेवण होईपर्यंत खोकं किंवा त्यावरचं लेबल फेकू नका.

४. बीपी आहे. किटमधलं मीठ कसं मोजायचं?

लेबलवर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. मिलिग्रॅममधल्या सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ किती ते कळतं. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. साधारण एक सपाट छोटा चमचा.

उदाहरणाने पाहू. सॉसचं पाकीट ९० ग्रॅमचं आहे, दोघांसाठी. लेबलवर दर १०० ग्रॅमला सोडियम १४०० मिलिग्रॅम. पाकिटात झालं १२६० मिलिग्रॅम, माणशी ६३०. गुणिले २.५ म्हणजे माणशी जवळपास १.६ ग्रॅम मीठ. दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा एका पाकिटात आला, आणि अजून कार्डावरचं 'चवीनुसार मीठ', ताटातलं लोणचं आणि पापड बाकीच आहेत.

उपाय सोपा आहे. वरून मीठ अजिबात घालू नका. पाकीट अर्धंच ओता, एक बारीक चिरलेला टोमॅटो आणि पाव वाटी पाणी घाला, उकळी आली की चव बघा. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. शेवटी लिंबू पिळलं की कमी मीठ जाणवत नाही. उरलेलं अर्धं पाकीट झाकणाच्या काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत वापरा.

'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

५. आधीच चिरलेल्या भाजीतलं सत्त्व निघून जातं का?

थोडं जातं, सगळं नाही. चिरल्यावर भाजीचा जास्त भाग हवेला लागतो आणि क जीवनसत्त्व घटत जातं. चिरलेली भाजी पुन्हा धुतली तर क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्याबरोबर जातं. तंतू आणि खनिजं मात्र बहुतांश टिकतात. फ्लॉवर, गाजर, घेवडा, लाल भोपळा चिरून थंड राहिला तर दोन दिवस चालतो. पालेभाजी आणि कोथिंबीर चिरलेली घेऊ नये; त्या निवडलेल्या, अख्ख्या घ्याव्यात.

पाकिटावर 'धुऊन चिरलेली' असं लिहिलं असेल आणि तारीख आजची असेल तर पुन्हा धुण्याची गरज नाही. तसं लिहिलेलं नसेल तर चाळणीत ठेवून वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा, भिजत ठेवू नका. पाकीट फुगलेलं असेल, तळाशी चिकट पाणी साठलं असेल किंवा उघडल्यावर आंबूस वास आला, तर ते थेट ओल्या कचऱ्यात. शिजवून ते सुधारत नाही.

६. एका जेवणाला इतकी पाकिटं! पर्यावरणासाठी किट वाईटच नाही का?

पाकिटांचा ढीग डोळ्यांसमोर असतो. फ्रिजच्या खणात काळी पडलेली कोथिंबीर ओल्या कचऱ्यात जाते आणि तिची आठवणही राहत नाही. ती पिकवायला, धुवायला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत आणायला लागलेलं पाणी, खत आणि डिझेल तिच्याबरोबरच वाया जातं.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच पदार्थांची तुलना प्रसिद्ध केली: तेच जेवण किटमधून केलं तर आणि दुकानातून सामान आणून केलं तर. किटच्या जेवणामागे सरासरी ६.१ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं, दुकानातल्या सामानाच्या जेवणामागे ८.१ किलो. किटचं पॅकिंग जास्तच होतं. तरीही मोजून दिलेल्या सामानामुळे घरची नासाडी घटली, सुपरमार्केटच्या फळ्यांवरची नासाडी टळली, आणि प्रत्येकाने स्वतःची गाडी काढून जाण्याऐवजी एका व्हॅनने अनेक घरं केली. या तिन्हींनी मिळून पॅकिंगवर मात केली.

हा निष्कर्ष पुण्याला जसाच्या तसा लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे कोपऱ्यावर हातगाडी असते, पावशेर भेंडी मिळते, चालत जाऊन आणता येते, आणि गाडीवर उरलेला माल संध्याकाळी स्वस्तात निघून जातो. अमेरिकेतल्या त्या तीन कारणांपैकी दोन इथे फार कमकुवत पडतात. शिवाय इथे किट बहुधा दुचाकीवरून एकटंच येतं. उरतं एकच कारण: तुमच्या घरची नासाडी. ती मोजली की उत्तर मिळतं.

सात दिवस एक वेगळं भांडं ठेवा. त्यात फक्त खाण्याजोगं असूनही फेकावं लागलेलं अन्न टाका: सडलेली भाजी, शिळा भात, बुरशी आलेली पोळी. सालं, देठ आणि बिया धरू नका. रोज रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कागदावर लिहा. दोन माणसांच्या घरात आठवड्याला पाऊण-एक किलोच्या पुढे जात असेल तर किटने खरंच फरक पडेल. पाव किलोच्या आत असेल तर किटमुळे तुमचा कचरा फक्त वाढेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधलं वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरलं आहे. त्यात सालं-देठही येतात, त्यामुळे त्या आकड्याशी आपलं वजन थेट ताडू नका.

आणखी एक. मांसाहारी किटमागचं उत्सर्जन प्रामुख्याने मांसाचं असतं, खोक्याचं नसतं. पर्यावरणासाठी किट निवडत असाल तर आधी उसळीचं किट निवडा, पॅकिंगचा विचार नंतर.

७. पुण्यात किटचा कचरा नेमका कुठे टाकायचा?

वस्तूप्रमाणे वेगळं उत्तर आहे. पुणे महापालिकेच्या बऱ्याच भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई-दादा दारोदार येतात, आणि सुका कचरा विकून मिळणारा पैसा त्यांच्या कमाईचा भाग असतो. म्हणून काय विकलं जातं आणि काय नाही, हे कळलं की टाकण्याची पद्धत आपोआप सुधारते.

पुठ्ठ्याचं खोकं विकलं जातं, पण कोरडं असेल तरच. सामान थंड ठेवणाऱ्या जेल पॅकमुळे तळ भिजला असेल तर आधी बाल्कनीत वाळवा. चिकटपट्टी ओढून काढा, खोकं चपटं करा.

कडक प्लॅस्टिकचे डबे, म्हणजे तळाशी त्रिकोणात १, २ किंवा ५ आकडा असलेले, विकले जातात. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणपाण्यात खळबळा, उपडे ठेवा. यासाठी नवीन पाणी वापरू नका.

पातळ पारदर्शक पिशव्या स्वच्छ आणि कोरड्या असतील तर थोडा भाव येतो. सगळ्या एका पिशवीत कोंबून द्या. सुट्या दिल्या तर वाऱ्याने उडतात आणि वेचणाऱ्याचा वेळ जातो.

खरी अडचण आहे ती मसाल्याच्या आणि सॉसच्या चकचकीत पाकिटांची. आतून चंदेरी, बाहेरून छापील, अनेक थर एकमेकांना चिकटवलेले. ते थर वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे भंगारवाला घेत नाही. तेलकट असतील तर बाकीचा सुका कचराही खराब करतात. कात्रीने पूर्ण उघडा, आत थोडं पाणी घालून ते पाणी भाजीतच ओता, मग कोरडी करून सुक्या कचऱ्यात द्या. कात्रीने कोपरा कापलात तर तो तुकडा पाकिटाला लागलेलाच ठेवा. सुटे कोपरे कुठल्याच चाळणीत सापडत नाहीत.

पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका आहे, तिथली गोळा करण्याची व्यवस्था वेगळी आहे. ओलं-सुकं वेगळं देणं मात्र दोन्हीकडे सक्तीचं आहे.

८. जेल पॅक साठत चाललेत. त्यांचं काय करायचं?

आधी आत काय आहे ते वाचा. 'फक्त पाणी' लिहिलं असेल तर कोपरा कापून पाणी कुंडीत घाला, प्लॅस्टिक वाळवून सुक्यात.

जेल असेल तर ते बहुधा पाणी शोषून फुगणाऱ्या पॉलिमरचं असतं. ते बेसिनमध्ये किंवा संडासात कधीही ओतू नका. पाइपात पाणी लागलं की ते आणखी फुगतं आणि तुंबा बसतो. कुंडीत घालण्याचा सल्लाही फिरत असतो. त्यातल्या सोडियमने माती बिघडते, घालू नका. पॅक फाटला असेल तर जेल जुन्या ताटलीत पसरून उन्हात वाळवा. एप्रिल-मे महिन्यात दोन-तीन दिवसांत त्याची पातळ खपली होते. ती पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

पॅक अख्खा असेल तर चार-पाच घरी ठेवा (वीज गेली तर फ्रीजरमध्ये उपयोगी पडतात) आणि बाकीचे कंपनीला परत घ्यायला सांगा. परत न घेणाऱ्या कंपनीचं किट आम्ही नियमित घ्यायला सुचवणार नाही.

९. ट्रेवर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलंय. घरच्या खतात टाकला तर चालेल?

उसाच्या चिपाडाचा ट्रे, आतून मेणचट किंवा प्लॅस्टिकचा थर नसेल तर, चालतो. थर आहे का ते असं बघा: ट्रेचा कोपरा फाडा. फाटलेल्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबत राहिला तर थर आहे. थर नसलेल्या ट्रेचे दोन बोटं रुंद तुकडे करा, पाण्यात बुडवा आणि ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये घाला. अख्खा टाकलात तर महिनोन्‌महिने तसाच दिसेल आणि त्याखाली हवा न पोचल्याने वास सुटेल. कोकोपीट किंवा वाळक्या पानांच्या जागी हे तुकडे चांगले काम करतात.

'कंपोस्टेबल' प्लॅस्टिकची पिशवी हा निराळा प्रकार आहे. ती विघटित व्हायला जवळपास ५८ अंश सेल्सिअसचं टिकून राहिलेलं तापमान लागतं. बाल्कनीतल्या मडक्यात ते मिळत नाही. अशी पिशवी ओल्यातही घालू नका आणि सुक्यातल्या प्लॅस्टिकमध्येही मिसळू नका. वेगळी बांधून द्या आणि काय आहे ते सांगा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'इको-फ्रेंडली' या शब्दांना आधार नसेल तर काय, ते प्रश्न १७ मध्ये.

घरी किंवा सोसायटीत खत करत असाल तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरातल्या सवलतीची चौकशी जरूर करा. गांडूळखतासाठी तशी तरतूद आहे.

१०. किट दुपारी येतं आणि संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहतं. खाल्लं तर चालेल का?

मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त गरम असतं. नियम असा: नाशवंत अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. खोक्यातला जेल पॅक हा वेळ वाढवतो, पण किती, ते खोकं उघडल्यावरच कळतं.

उघडताच जेल पॅक दाबून बघा. आत अजून बर्फाचा कडक भाग लागत असेल तर काळजी नाही. पूर्ण पातळ पण गार असेल तर चिकन, मासे किंवा पनीरच्या दोन पाकिटांच्या मध्ये थर्मामीटरची दांडी दोन मिनिटं धरा: ५ अंश किंवा कमी असेल तर लगेच फ्रिजमध्ये. पॅक कोमट झाला असेल आणि किती वेळ गेला ते माहीत नसेल तर चिकन, मासे, पनीर, ओल्या नारळाची चटणी आणि आधी शिजवलेला भात किंवा नूडल्स टाकून द्या. शिजलेल्या भातातले काही जिवाणू उबेत असं विष तयार करतात की जे पुन्हा उकळूनही जात नाही. कांदा, बटाटा, गाजर, कोरडे मसाले खुशाल वापरा.

हिंजवडी किंवा खराडीला कामाला असाल तर सकाळी सातच्या आतली किंवा रात्री आठनंतरची वेळ निवडा. हे जमत नसेल तर त्या दिवशी फक्त कोरड्या सामानाचं किट मागवा.

११. आज करायचं राहून गेलं. फ्रीजरमध्ये टाकू का?

चिकन चालतं, जर ते आधी गोठवलेलं नसेल तर. लेबल बघा आणि आलं त्याच दिवशी टाका, तारीख संपायच्या रात्री नाही. वितळवताना रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात, खोल भांड्यात. पनीर गोठवलं की भुसभुशीत होतं. भुर्जीला चालेल, टिक्क्याला नाही. घेवडा, गाजर, फ्लॉवर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग गार पाण्यात, निथळून गोठवा. काकडी, टोमॅटो, बटाटा आणि सॅलडची पानं गोठवू नका.

१२. 'दोघांसाठी' लिहिलेलं आम्हाला पुरत नाही. कंपनी कमी देते का?

वजन बघा, माणसं मोजू नका. जेवणाच्या ताटाला माणशी कोरडे तांदूळ किंवा पीठ ६० ते ८० ग्रॅम, भाजी १५० ते २०० ग्रॅम, आणि कोरडी डाळ ३० ग्रॅम किंवा पनीर ७५ ते १०० ग्रॅम लागतं. यातलं जे कमी असेल ते घरातून वाढवा, आणि ती वस्तू बहुधा भाजीच असते. किटमध्ये सॉस वाढवून पातेलं भरवलेलं असेल तर पोट भरतं, पण मीठच जास्त जातं.

१३. स्वयंपाकाला मावशी येतात. किट त्यांच्या हाती दिलं तर उपयोग होतो का?

होतो, पण दोन गोष्टी आधी करा. कार्ड बहुतेक इंग्रजीत असतं. चार ओळींत मराठीत लिहून ओट्याजवळ चिकटवा आणि चमचा कोणता ते दाखवून ठेवा. दुसरं, सॉसचं पाकीट अर्धंच घालायचं आणि मीठ घालायचं नाही, हे आवर्जून सांगा. सवयीच्या हाताने मीठ पडतंच, आणि त्यात मावशींची चूक नसते. एका वेळी तीन घरं करणाऱ्या बाईला वाटण-चिरण वाचल्याने खरा आराम मिळतो, हा फायदाही मोजावा.

१४. चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, आणि नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कसं सांभाळायचं?

हे दोन प्रश्न दिसायला सारखे आहेत, पण धोका फार वेगळा आहे.

कांदा-लसणासाठी घटकांची यादी पुरते. मात्र 'मसाले' किंवा 'सीझनिंग' एवढंच लिहिलं असेल तर त्यात कांद्याची पूड असू शकते, विचारून घ्या. उपासाच्या किटमध्ये मीठ कोणतं आहे तेही बघा.

ॲलर्जीसाठी शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं यांची ठळक नोंद लेबलवर लागते. 'अंश असू शकतो' हे वाक्य असेल तर ते किट त्या मुलासाठी नाही, मग यादीत शेंगदाणा नसला तरी. आणि आपल्याकडे कूट घरातच असतं: तोच चमचा, तोच मिक्सर. किट सुरक्षित असून घरच्या भांड्याने त्रास झाला, असं सहज होऊ शकतं. वेगळा चमचा आणि वेगळी वाटी ठेवा.

१५. मधुमेह, गरोदरपण, लहान मुलं: कुणी काय टाळावं?

मधुमेहात सॉसमधली साखर (प्रश्न ३) आणि मैद्याचे नूडल्स टाळा. उसळ, पनीर-भाजी, अंड्याचं किट घ्या आणि भाकरी घरची करा. गरोदर बाईने कच्चे मोड आलेले मूग-मटकी सॅलडमध्ये खाऊ नयेत, पूर्ण शिजवूनच खावेत. चिकन मधोमध ७४ अंश व्हायला हवं. ते धुऊ नका, थेंब उडून ओटाभर जिवाणू पसरतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला किटच्या सॉसमधलं काहीही देऊ नये.

१६. किटऐवजी घरच्या घरी असं काही करता येईल का?

येईल, आणि ज्यांना रविवारचे दोन तास देता येतात त्यांच्यासाठी आमची पहिली शिफारस हीच आहे. दोन माणसं, चार रात्रींची जेवणं, असं धरून प्रमाण देतो.

वाटण: चार मध्यम कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, २५ ग्रॅम आलं, पंधरा-वीस लसूण पाकळ्या. वेगवेगळं भाजून, पूर्ण गार करून, कमीत कमी पाण्यात वाटा. बर्फाच्या ट्रेत भरून गोठवा, मग खडे डब्यात काढा. दोघांच्या रश्शाला तीन-चार खडे. महिनाभर टिकतं.

मटकी: १५० ग्रॅम, आठ-दहा तास भिजत, मग फडक्यात बांधून बारा ते चोवीस तास. उन्हाळ्यात बारा तासांतच बघा, नाही तर चिकट होते. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस.

भाज्यांचा क्रम ठरवा. मेथी-पालक पहिल्या दोन दिवसांत. घेवडा, गवार, फ्लॉवर मध्ये. दुधी, गाजर, लाल भोपळा शेवटी. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई अन्नाला लागते. भेंडी धुऊन, पुसून, अख्खीच ठेवा.

प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी: पदार्थ, वार. हे फालतू वाटतं, पण पट्टी नसलेला डबाच मागे ढकलला जातो आणि सडतो.

चुका होतात त्या बहुधा पाण्याने. गरम वाटण झाकणबंद केलं की आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. ओली भाजी डब्यात भरली की दुसऱ्या दिवशी देठ काळे पडतात. आणि एक गंभीर सूचना: कच्ची लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे (जिवावर बेतू शकणारी विषबाधा) जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते वासाने कळत नाही. तेलातली लसूण फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा किंवा गोठवा.

एवढाही वेळ नसेल तर बचत गटांकडून निवडलेली भाजी, मोड आलेली कडधान्यं आणि वाटण घ्या, स्वतःचा डबा नेऊन. आणि स्वयंपाकच नको असेल तर परत जाणारा स्टीलचा डबा पॅकिंगच्या बाबतीत कुठल्याही किटपेक्षा सरस आहे.

१७. 'थेट शेतातून', 'फ्रेश', 'शंभर टक्के पर्यावरणपूरक': यावर विश्वास ठेवायचा का?

विचारून ठेवायचा. 'फ्रेश' हा शब्द नियमानुसार धुणं, सोलणं, थंड करणं, चिरणं अशा साध्या कामांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या वस्तूलाच लावता येतो. 'शेतातून' म्हणत असतील तर गाव आणि हंगाम विचारा. नारायणगावचा टोमॅटो, पुरंदरचा वाटाणा, अशी नेमकी उत्तरं देणारे विक्रेते आहेत. वैशाखात 'ताजा स्थानिक मटार' मिळत असेल तर तो शीतगृहातला किंवा लांबून आलेला आहे. गोठवलेला म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही.

पर्यावरणाच्या दाव्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: असा दावा पुराव्यासह करावा लागतो. कंपोस्टेबल प्लॅस्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते कंपनीकडे ईमेलने मागा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर दावा पोकळ समजा.

१८. वर्गणी थांबवता येत नाही, नको असताना खोकं येतं. आणि माल खराब निघाला तर?

नको असलेलं खोकं म्हणजे सर्वांत मोठी नासाडी. वर्गणी सुरू करण्यापूर्वी 'आठवडा वगळा' ही सोय आणि तिची अखेरची वेळ शोधा. आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला की बँकेच्या ॲपमधूनही मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) रद्द करता येतं. रद्द करण्याचं बटण लपवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणारी ॲप किंवा वेबसाइटची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांत मोडतं.

माल खराब असेल तर क्रम असा: शिजवण्याआधी फोटो घ्या, त्यात तारीख, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक दिसायला हवा. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. नमुना पिशवीसकट फ्रीजरमध्ये ठेवा. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न दूषित असेल तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात. कुणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय खाल्लं आणि किती वाजता, हे लिहून घ्यायला विसरू नका. त्याने तक्रारीला आधार मिळतो.